सहा अक्षरांचे पन्नास रुपये

पोस्ट मोठी आहे, आणि थोडी माझ्याच धंद्याच्या विरोधात आहे. तरी लिहितोय, कारण गेले पंधरा दिवस हा विषय डोक्यातून जात नाही.

ओळखणारे ओळखतातच, नवीन लोकांसाठी सांगतो. तालुक्याला एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, रेशनकार्डातली नावं, पॅनकार्ड, जे येईल ते. अकरा वर्षं झाली. सरकारी वेबसाइट कुठे कुठे अडते हे मला जेवढं पाठ आहे तेवढं ती बनवणाऱ्यालाही नसेल, असं मी गमतीनं म्हणायचो. आता त्यात गंमत वाटत नाही.

आपल्याच भागातला एक मुलगा आहे. जन्मापासून दिसत नाही. बी.ए. झालाय, भरतीच्या परीक्षा देतो. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला वाटलं याचा सगळा फॉर्म आपल्यालाच भरावा लागणार. कागदपत्रं घ्यायला मी हात पुढे केला, तर म्हणाला, "नाही दादा, फॉर्म मी भरलाय. फक्त ती खालच्या चित्रातली अक्षरं तेवढी वाचून सांगा."

खरंच भरला होता. मोबाइलवर. नाव, पत्ता, बारावीचे मार्क, जातीच्या दाखल्याचा नंबर, सगळं बिनचूक. त्याच्या फोनमध्ये टॉकबॅक चालू असतं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो. तो ते इतक्या वेगानं ऐकतो की मला आधी ती दुसरी कुठली तरी भाषाच वाटली. घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर टाकलाय. फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली तो बनवायला घेतला होता. मराठीसुद्धा वाचतो. म्हणजे पोराकडे साधनं आहेत, ती वापरायची अक्कल आहे, शिक्षण आहे. अडला कुठे, तर कॅप्चावर.

वाकड्यातिकड्या सहा अक्षरांचं चित्र. शेजारी आवाजात ऐकायची सोय नाही. त्याचा फोन तिथं पोचला की फक्त "इमेज" म्हणतो आणि पुढे जातो. समोर माणूस आहे की मशीन, हे ओळखायला ही पद्धत काढलेली. ज्याला दिसत नाही तो मग यांच्या हिशेबात माणसात बसत नाही.

मी अक्षरं वाचली, त्यानं टाइप केली, फॉर्म गेला. "किती झाले?" मी सवयीनं म्हणालो, पन्नास. त्यानं फोनवरून पाठवले आणि माझ्या काउंटरवरच्या डबीनं जोरात सांगितलं, पन्नास रुपये मिळाले.

सहा अक्षरं वाचायचे पन्नास रुपये घेतले मी. तेव्हा मला काही वाटलंही नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका भरतीची शेवटची तारीख होती. "शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचंच कशाला" असं कुणी लिहील म्हणून आधीच सांगतो. त्यानं सुरुवात पाच दिवस आधी केली होती. दोन दिवस साइट उघडत नव्हती. एक दिवस यूडीआयडी कार्डाची फाइल ठरलेल्या केबीपेक्षा मोठी आहे म्हणून घेत नव्हती, पण तसं सांगतही नव्हती. नुसता लाल रंगाचा चौकोन यायचा. लाल रंग त्याला कोण वाचून दाखवणार? जन्मतारखेला कॅलेंडर उघडायचं, त्यात तारीख टाइप करायची सोय नाही, एकेक महिना मागे मागे जायचं. २००१ पर्यंत मागे जा म्हणजे बटण तीनशे वेळा दाबा. तेवढ्यात वेळ संपला म्हणून साइट बाहेर काढते. परत पहिल्यापासून.

शेवटच्या रात्री साडेअकराला तो सगळं भरून कॅप्चापर्यंत पोचला. आईवडिलांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. शेजारच्या चौथीतल्या मुलीला उठवून आणलं. ती बिचारी वाचत होती, पण ते स्मॉल एल की कॅपिटल आय, झिरो की ओ, हे तुम्हाआम्हाला तरी कळतं का? तीनदा चुकलं आणि लॉगिन बंद झालं. त्यानं मला फोन लावला. मी दहाला दुकान बंद करून घरी आलो होतो, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. सकाळी पाच मिस्ड कॉल पाहिले.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. चिडलेला नव्हता. म्हणाला, "जाऊ दे दादा, पुढची जाहिरात येईलच." पुढची कधी येईल ते त्यालाही माहीत नाही अन् मलाही नाही. वय मात्र थांबत नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल बोलतो. माझ्या ड्रॉवरमध्ये एक जाड वही आहे. तिच्यात आठ-नऊशे लोकांची नावं, मोबाइल नंबर, युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेले आहेत. निम्म्या लोकांचा पासवर्ड मीच ठेवलाय आणि तो जवळपास एकसारखाच आहे. त्यांची आधारची झेरॉक्स माझ्याकडे, बँक पासबुकाचं पहिलं पान माझ्याकडे. ओटीपी येतो त्यांच्या मोबाइलवर, तो मोबाइल असतो शेतात असलेल्या मुलाकडे. मग मावशी दुकानातून ओरडून विचारतात, तो तिकडून आकडे सांगतो, आणि रांगेतली सगळी माणसं ते ऐकतात. माझ्या दुकानाच्या काचेवर सायबर पोलिसांचं पोस्टर आहे. "ओटीपी कोणालाही सांगू नका." त्या पोस्टरच्या खाली बसून मी दिवसाला तीस-चाळीस ओटीपी ऐकतो.

मी ते पासवर्ड कधी वापरले नाहीत. पण मी वापरले नाहीत म्हणून ती वही सुरक्षित आहे, याला काय व्यवस्था म्हणायची? उद्या ती वही चोरीला गेली तर? लोक माझ्यावर विश्वास ठेवतात कारण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नाही. स्वतःचा अर्ज स्वतःला भरता येत नाही म्हटलं की माणूस घरच्यांना, माझ्यासारख्या दुकानदाराला, नाहीतर कुठल्या तरी दलालाला आपली सगळी माहिती देऊन बसतो.

आणि हे फक्त अंध माणसांचं दुखणं आहे असं समजू नका. ते पोरगं निदान तंत्र शिकलंय. बाकीच्यांचं बघा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाची अक्षरं दिसत नाहीत. मोतीबिंदू असेल तर विषयच संपला. भांडी घासून, विड्या वळून ज्या बायकांच्या बोटांच्या रेषा पुसल्यात त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांना बारक्या चौकोनात बरोबर टिचकी मारता येत नाही. ऐकू न येणाऱ्याला हेल्पलाइनचा नंबर देऊन उपयोग काय? आणि शहाणासुरता, डोळे धड असलेला शेतकरीसुद्धा दुपारच्या उन्हात, तडा गेलेल्या फोनवर, एका कांडीच्या रेंजमध्ये तो फॉर्म भरत असतो. हे तो बनवणाऱ्यानं कधी पाहिलंय का?

भाषेचं तर विचारूच नका. वर "मराठी" असं बटण असतं. दाबलं की वरची पट्टी मराठी होते, आतला फॉर्म इंग्रजीच. आणि जिथं आतही मराठी आहे तिथलं मराठी कुणाचं आहे देव जाणे. चूक झाली तर "अवैध नोंद" एवढंच येतं. कुठली नोंद, का अवैध, पुढे काय करू, काही नाही. एका आजींनी मला घाबरून विचारलं होतं, "अवैध म्हणजे पोलीस केस होती का रं?" नावातला एक स्पेस जास्त होता, एवढंच.

एका योजनेच्या फॉर्मवर, कुठली ते सांगत नाही, प्रश्न नकारार्थी होता. घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, आणि पुढे होय किंवा नाही. आता आपली बाई काय उत्तर देणार? नोकरीत कुणी नाही, म्हणून ती दाबते "नाही". झालं, कॉम्प्युटरच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकरदार आला. माझ्याकडे अशा कितीतरी जणी रडत आल्या. मी स्वतः पहिल्या दिवशी दोघींचा फॉर्म चुकीचा भरला होता, हेही कबूल करतो. ते वाक्य सरळ लिहायला काय खर्च आला असता?

पीडीएफचंही असंच. जाहिरात, शुद्धिपत्रक, शासन निर्णय, बऱ्याचदा कागदावर सही-शिक्का मारून त्याचा स्कॅन चढवलेला असतो. म्हणजे तो मजकूर नसतो, फोटो असतो. स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. जुन्या फाइल्स तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्यातलं मराठी कॉपी करून बघा, नुसता इंग्रजी चिन्हांचा खिचडा निघतो. त्या मुलाचा लॅपटॉप तो खिचडा इमानेइतबारे वाचून दाखवतो. त्यानं मला एकदा ऐकवलं होतं. आम्ही दोघं हसलो होतो तेव्हा.

बरं, कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. त्या दिवसानंतर मी जरा वाचत बसलो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सगळ्यांना वापरता येईल असा असला पाहिजे हे कलम ४२ मध्ये लिहिलं. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्याही आधीची, २००९ ची. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. जगभर ज्या निकषांवर ती बेतली आहेत त्यांत सगळं बारीकसारीक लिहिलेलं आहे. अक्षराच्या आणि मागच्या रंगात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. प्रत्येक चित्राला, प्रत्येक बटणाला नाव हवं. वेळ संपणार असेल तर आधी सांगा, निदान २० सेकंद द्या आणि एक बटण दाबून वेळ वाढवू द्या. एकदा दिलेली माहिती त्याच फॉर्ममध्ये परत मागू नका. वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी माझ्या दुकानात बसून लिहिलंय.

मग पाळलं का जात नाही? ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला, त्यात याचं एक कारण सापडतं. कायदा म्हणतो "केलंच पाहिजे", आणि त्याखाली २०१७ मध्ये केलेल्या नियमांतला १५ वा नियम निव्वळ शिफारस केल्यासारखा. न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवा असं केंद्राला सांगितलं. ती याचिका २००५ सालची होती, बरं का. एकोणीस वर्षं.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील न्यायालयात गेले होते. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं सांगतात ना, त्या महिलांच्या पापण्याच जळालेल्या. मिटणार काय? डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं आणि वीस निर्देश दिले. त्यातला एक मला फार पटला. साइट किंवा ॲप बनवताना चाचणीला अंध व्यक्तींना बसवा. इतकं साधं.

हे वाचून मला पहिल्यांदा नीट कळलं की तो मुलगा माझ्याकडे मदत मागायला आलेला नव्हता. त्याच्या हक्काची गोष्ट अडवून ठेवली होती, आणि मी त्या फाटकावर पन्नास रुपये घेऊन बसलो होतो.

काही साइटवर वर कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असतं, बाजूला अक्षर मोठं करायची तीन बटणं, रंग उलटे करायचं एक. साहेब लोक ते दाखवून सांगतात की आमची साइट दिव्यांगांसाठी सुगम आहे. मी त्या मुलाला विचारलं, हे तू वापरतोस का? म्हणाला, माझा फोन मोठं, लहान, सगळं करतो, मला फक्त बटणाला नाव द्या. सध्या त्याला फोनवर काय ऐकू येतं माहितीये? "बटण. बटण. बटण. अनलेबल्ड. बटण." त्यातलं सबमिट कुठलं आणि रद्द कुठलं हे त्यानं अंदाजानं ओळखायचं. आपल्याकडे ऑफिसच्या दारात उतार बांधतात आणि उतार संपल्यावर दोन पायऱ्या ठेवतात, तसलाच हा प्रकार.

"एवढा खर्च कोण करणार, किती लोक आहेत असे" हा प्रश्न येणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती नोंदल्या आहेत, आणि तेव्हा तर २१ प्रकार धरलेही नव्हते. त्यात म्हातारी माणसं मिळवा, इंग्रजी न येणारे मिळवा. राहिलं कोण? आणि खर्चाचं म्हणाल तर बटणाला नाव द्यायला वेगळं मशीन लागत नाही. साइट बनवतानाच दिलं तर काही मिनिटांचं काम आहे. नंतर करायला घेतलं की मग टेंडर निघतं.

कॅप्चा सुरक्षेसाठी लागतो म्हणतात. मान्य, एकदम हजार अर्ज टाकणारे प्रोग्रॅम असतात. पण ज्या फॉर्मला पुढच्याच पायरीवर मोबाइलचा ओटीपी मागता, तिथं आधी चित्रातली अक्षरं ओळखायला लावून काय मिळतं? ठेवायचाच असेल तर आवाजात ऐकायची सोय द्या.

माझ्या काउंटरवरची ती बोलणारी डबी बघा. शेजारच्या भाजीवाल्या मावशींकडेही आहे. त्यांना वाचता येत नाही. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की डबी बोलते, मावशी मान हलवतात, व्यवहार संपला. कुणी त्याला "दिव्यांगांसाठी सुविधा" म्हणत नाही, पण ती तीच आहे. कंपन्यांनी ती आणली कारण मावशींना जमलं नसतं तर त्या परत रोख घ्यायला लागल्या असत्या, आणि कंपनीचं नुकसान झालं असतं. दाखल्याच्या साइटला असा धाकच नाही. ती आवडली नाही म्हणून तुम्ही दाखला दुसरीकडून थोडाच आणणार आहात?

म्हणून मला वाटतं हा धाक बिलात असला पाहिजे. साइट बनवणाऱ्या कंपनीचं बिल होम पेज बघून पास होतं. होम पेजवर मंत्र्यांचे फोटो सरकत असतात, ते छान दिसतात. त्याऐवजी असं करा. शेवटचा हप्ता थांबवून ठेवा. कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर एक टेबल टाका आणि दहा जणांना बोलवा. एक अंध विद्यार्थी, एक ऐकू न येणारी व्यक्ती, एक साठीची बाई, फक्त मराठी वाचता येणारा एक शेतकरी, एकच हात चालणारा कुणी, असे. ज्याच्या त्याच्या फोनवर, कुणाचीही मदत न घेता फॉर्म भरू द्या. कंपनीचा माणूस शेजारी बसून नुसता बघेल, बोलणार नाही. भरला गेला तर बिल काढा. माझं दुकान द्यायला तयार आहे, चहाही माझ्याकडून. पण त्या दहा जणांना दिवसाची मजुरी द्या, फुकट नाही.

धंद्याचं काय, असं काल बायकोनंही विचारलं. खरं आहे, साइट सुधारल्या तर माझी निदान तीन हिश्श्यांतली एक हिस्सा कमाई जाईल. पण लाइटबिल भरायची माझ्याकडची रांग पाच-सहा वर्षांपूर्वीच संपली, लोक स्वतःच फोनवरून भरतात. दुकान काही बंद पडलं नाही. प्रिंट लागते, फोटो लागतात, सल्ला लागतो. सल्ल्याचे पैसे घ्यायला मला लाज वाटणार नाही. अक्षरं वाचायचे मी आता घेत नाही.

तक्रारीचंही बघितलं मी. या कायद्याखाली राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, कार्यालय पुण्याला. कायदा मोडणाऱ्याला पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि परत मोडला तर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. त्या मुलानं अर्ज लिहायला घेतलाय. स्वतःच टाइप करतोय, युनिकोडमध्ये. त्याला पुराव्यासाठी आणखी उदाहरणं हवी आहेत.

तर तुमच्याकडे असा अडलेला फॉर्म असेल, तुमचा असो, आईवडिलांचा असो, तर स्क्रीनशॉट मला पाठवा. आधार नंबर, मोबाइल नंबर, फोटो झाकून पाठवा. कुठल्या पायरीवर अडलं, तारीख काय होती आणि साइटनं नेमकं काय उत्तर दिलं, एवढं दोन ओळींत लिहा. आणि नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, खाली शब्दांत लिहाच. वाचणारा तो आहे.

शनिवारी चारनंतर मी आणि तो दुकानातच असू. ज्यांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत त्यांनीही या, आपापला बदलून घ्या. कसा बदलायचा ते दाखवतो, नवीन मला सांगू नका.